चर्चिलच्याही वर ॲटली? कारकीर्द, कामाची पद्धत आणि भारताचा हिशेब

प्रश्न असा आहे: ‘ब्रिटनमधल्या अभ्यासकांच्या पाहण्यांत क्लेमेंट ॲटलींचं नाव चर्चिलच्याही वर येतं, ते कशामुळे? भारताच्या स्वातंत्र्यात त्यांचा खरा वाटा किती? आणि आझाद हिंद सेना व नाविकांच्या बंडामुळे आम्ही गेलो, असं ते स्वतःच म्हणाले होते ना?’

पाहणीचं म्हणाल तर २००४ साली लीड्स विद्यापीठ आणि ‘मोरी’ या संस्थेने १३९ प्राध्यापकांना विसाव्या शतकातल्या पंतप्रधानांना दहापैकी गुण द्यायला सांगितलं होतं. ॲटलींना ८.३४, चर्चिलना ७.८८. पण नुसत्या गुणांवरून काही कळत नाही. ॲटलींकडे वक्तृत्व नव्हतं, गर्दी खेचणारं व्यक्तिमत्त्व नव्हतं, स्वतःचा असा मोठा सिद्धान्तही नव्हता. काम तडीस न्यायची पद्धत मात्र होती: खातं योग्य माणसाकडे सोपवायचं, बैठकीतली चर्चा आवरती घ्यायची आणि शेवटची तारीख जाहीर करून टाकायची. एकदा तारीख जाहीर झाली की डॉक्टर असोत, गिरणीमालक असोत नाहीतर काँग्रेस आणि लीग, सगळ्यांना हलावंच लागतं, असा त्यांचा हिशेब. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत तो जमला आणि पंजाबात लाखोंच्या जिवावर उठला.

जन्म ३ जानेवारी १८८३, लंडनमधल्या पटनीचा. वडील खाऊनपिऊन सुखी सॉलिसिटर. शाळा हेलिबरीची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी ज्या आवारात आपले हिंदुस्थानात पाठवायचे सनदी नोकर तयार करत असे, तीच जागा. पुढे ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टरी. विचारांनी तेव्हा ते सरळ हुजूर पक्षाचे होते. १९०५ मध्ये पूर्व लंडनमधल्या स्टेप्नी भागात आपल्या शाळेने गरीब मुलांसाठी चालवलेल्या क्लबात ते गेले, पुढे तिथेच व्यवस्थापक म्हणून राहिले. गरिबी ही आळसाची शिक्षा असते ही समजूत तिथे गळून पडली आणि १९०८ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत दाखल झाले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला होते, १९१६ साली मेसोपोटेमियात जखमी झाले आणि उपचारांसाठी आधी हिंदुस्थानात आणि मग मायदेशी गेले. नंतर कित्येक वर्षं लोक त्यांना ‘मेजर ॲटली’ म्हणत. १९१९ मध्ये स्टेप्नीचे महापौर, १९२२ मध्ये लाइमहाउसचे खासदार.

हिंदुस्थानच्या राजकारणात त्यांचं पहिलं पाऊल पडलं ते सायमन कमिशनबरोबर. १९२७ साली नेमलेल्या या सातजणांच्या कमिशनात एकही भारतीय नव्हता. मजूर पक्षाचे दोघे होते: ॲटली आणि व्हर्नन हार्टशॉर्न. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबईला उतरलं तेव्हा काळे झेंडे आणि ‘सायमन परत जा’च्या घोषणा त्यांनीही ऐकल्या. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली ती याच कमिशनपुढे. कमिशनच्या शिफारशी कुणालाच पटल्या नाहीत. पण दोन वर्षं प्रांतांचे कागद चाळल्यामुळे हिंदुस्थानचा कारभार इतक्या बारकाईने माहीत असलेला पंतप्रधान ब्रिटनला त्याआधी क्वचितच मिळाला असेल.

पक्षाचं नेतृत्व मात्र त्यांच्याकडे काहीसं अपघाताने आलं. १९३१ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड पक्ष सोडून राष्ट्रीय सरकारात गेले आणि निवडणुकीत मजूर पक्ष पावणेतीनशेहून अधिक जागांवरून ५२ वर आला. हेंडरसन, मॉरिसन, डाल्टन, ग्रीनवुड सगळे पडले. ॲटली ५५१ मतांनी वाचले. सभागृहात बोलायला माणसंच उरली नव्हती, त्यामुळे ते उपनेते झाले. १९३५ मध्ये शांततावादी पक्षनेते लॅन्सबरींनी राजीनामा दिला, तेव्हा तात्पुरते म्हणून नेते झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर रीतसर मतदान झालं: पहिल्या फेरीत ॲटली ५८, मॉरिसन ४४, ग्रीनवुड ३३, दुसऱ्या फेरीत ॲटली ८८, मॉरिसन ४८. हे ‘तात्पुरते’ नेते पुढे वीस वर्षं टिकले.

१९४० च्या मे महिन्यात पंतप्रधान चेंबरलेनच्या हाताखाली आम्ही काम करणार नाही, असं मजूर पक्षाने कळवलं आणि चर्चिलचा रस्ता मोकळा झाला. युद्ध मंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत दोघेच टिकले: चर्चिल आणि ॲटली. १९४२ पासून ॲटली अधिकृत उपपंतप्रधान. चर्चिल परदेशी असले की बैठका ते चालवत आणि त्या वेळेवर संपत. याच काळात देशांतर्गत कारभाराची बरीच महत्त्वाची खाती मजूर मंत्र्यांकडे होती, हे १९४५ चा निकाल समजून घेताना विसरू नये. व्यापार, कामगार, गृहखातं यांतून लोकांना मजूर पक्षाचं सरकार कसं असेल त्याचा नमुना आधीच दिसला होता. त्यात डिसेंबर १९४२ मध्ये सगळ्यांसाठी सामाजिक विम्याची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल आला आणि युद्ध संपल्यावर काय हवं याची जनतेला यादीच मिळाली.

४ जून १९४५ रोजी चर्चिल रेडिओवर म्हणाले की समाजवादी सरकारला कुठल्या ना कुठल्या तऱ्हेच्या गेस्टापोची (हिटलरच्या गुप्त पोलिसांची) गरज पडेलच. दुसऱ्या दिवशी ॲटलींनी शांतपणे उत्तर दिलं: युद्धकाळचे महान नेते चर्चिल आणि हुजूर पक्षाचे नेते चर्चिल यांत किती फरक आहे, हे चर्चिलसाहेबांनी जनतेला दाखवून दिलं. मतदान ५ जुलैला झालं, सैनिकांची मतं परदेशांतून यायची होती म्हणून निकाल २६ जुलैला. मजूर पक्ष ३९३ जागा. त्याच दिवशी मॉरिसननी मोडता घातला: नव्या खासदारांनी नेता निवडेपर्यंत पंतप्रधानपद स्वीकारू नका. कामगार संघटनांचे नेते अर्नेस्ट बेविननी ॲटलींना सांगितलं, तुम्ही आधी राजवाड्यावर जा. पत्नी व्हायोलेट घरची गाडी चालवत होत्या. ॲटली गेले आणि पंतप्रधान होऊनच परतले.

त्यांचं खरं कसब पुढे दिसतं. बेविन, मॉरिसन, डाल्टन, क्रिप्स आणि आरोग्यमंत्री नाय बेव्हन (बेविन वेगळे, बेव्हन वेगळे) हे पाचही जण ॲटलींपेक्षा बोलायला वरचढ होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचं एकमेकांशी हाडवैर होतं. बेविनना अर्थखातं हवं होतं, डाल्टनना परराष्ट्र. शेवटच्या क्षणी ॲटलींनी दोघांची अदलाबदल केली. बेविन आणि मॉरिसन दोघेही देशांतर्गत कारभारात ठेवले तर रोज भांडतील, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. मंत्रिमंडळात टिपणं सगळ्यांनी वाचली आहेत असं धरूनच बैठक सुरू व्हायची. ज्याने टिपण लिहिलंय त्याने ते पुन्हा वाचून दाखवायचं नाही. मतभेद असला तर समिती नेमायची. अशा समित्या शेकड्यांनी होत्या. नाकर्त्या मंत्र्याला काढायचं तर दोन-चार वाक्यांत काढायचं. पक्षाचे अध्यक्ष हॅरल्ड लास्की परराष्ट्र धोरणावर जाहीर बोलू लागले, तेव्हा ॲटलींनी त्यांना पत्राने कळवलं की आपण काही काळ मौन पाळलंत तर बरं होईल. वृत्तसंस्थेचं टेलिप्रिंटर यंत्र डाउनिंग स्ट्रीटवर बसवायला ते तयार नव्हते. त्यावर क्रिकेटचे स्कोअरही येतात म्हटल्यावर परवानगी मिळाली.

या पद्धतीने सहा वर्षांत तीनशेवर कायदे झाले. राष्ट्रीयीकरणाच्या तारखा बघा: बँक ऑफ इंग्लंड १ मार्च १९४६, कोळसा १ जानेवारी १९४७, रेल्वे आणि वाहतूक १ जानेवारी १९४८, वीज १ एप्रिल १९४८, गॅस १ मे १९४९, पोलाद १५ फेब्रुवारी १९५१. मालकांना सरकारी रोख्यांत भरपाई मिळाली. एकट्या कोळशाची सुमारे साडेसोळा कोटी पौंड. इथे चुकलं काय, तर मालकी बदलली पण व्यवस्थापन जुनंच राहिलं. खाणीच्या तोंडाशी नवी पाटी लागली, आत जुनाच मॅनेजर बसलेला. कामगाराला निर्णयात वाटा मिळाला नाही, आणि पोलादाचा प्रश्न इतका लांबला की हुजूर पक्षाने सत्तेवर आल्यावर १९५३ मध्ये तो उद्योग परत खासगी करायला घेतला.

आरोग्यसेवा ही त्यांच्या पद्धतीची सर्वांत चांगली परीक्षा. कायदा १९४६ चा, पण अंमलाची तारीख ठरवली ५ जुलै १९४८. त्याच दिवशी राष्ट्रीय विमा, औद्योगिक अपघात विमा आणि राष्ट्रीय साहाय्य हे तिन्ही कायदेही लागू व्हायचे होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांचा कौल घेतला, त्यात दहातले जवळपास नऊ जण विरोधात गेले. तारीख पाच महिन्यांवर होती. बेव्हननी तारीख हलवली नाही, अटी हलवल्या. मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना सरकारी रुग्णालयातच खासगी रुग्ण पाहायची आणि पैसे देणाऱ्यांसाठी खाटा ठेवायची मुभा दिली. शिकवणाऱ्या रुग्णालयांना स्वतंत्र मंडळं दिली. जनरल प्रॅक्टिशनरना पगारी नोकर करणार नाही, नोंदवलेल्या रुग्णांमागे दरडोई रक्कम देऊ, आणि पगारी सेवा कायद्यात बदल केल्याशिवाय आणणार नाही, असं लेखी आश्वासन दिलं. विरोध फुटला. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समधली २,६८८ रुग्णालयं सरकारच्या ताब्यात आली. नगरपालिकांची रुग्णालयं त्यांच्याच हाती राहावीत असं मॉरिसनचं मत होतं. मंत्रिमंडळात ॲटली बेव्हनच्या बाजूने उभे राहिले म्हणून ती एका छत्राखाली आली.

खर्चाचा अंदाज मात्र पहिल्याच वर्षी कोसळला. कारण सोपं होतं: वर्षानुवर्षं पैशाअभावी लोकांनी चष्मे आणि दातांच्या कवळ्या घेतल्याच नव्हत्या, ते सगळे एकदम दारात आले. सरकारला पुरवणी मागण्या मांडाव्या लागल्या. १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग आकारायचा अधिकार कायद्याने घेतला गेला, पण वापरला नाही.

विम्याच्या योजनेतही एक मूलभूत खोट होती, आणि तिच्याकडे कौतुक करणारे सहसा बघत नाहीत. बेव्हरिजच्या सूचनेप्रमाणे वर्गणी सगळ्यांना सारखी: नोकरदार पुरुषाला आठवड्याला ४ शिलिंग ११ पेनी. मिळकत कितीही असो. म्हणजे वर्गणी सर्वांत कमी पगाराच्या माणसाला झेपेल एवढीच ठेवता येणार, आणि त्यातून मिळणारा भत्ताही तेवढाच बेताचा: एकट्याला आठवड्याला २६ शिलिंग, जोडप्याला ४२. घरभाडं जिथे जास्त तिथे यात भागत नसे. मग लोक उत्पन्नाची चौकशी होणाऱ्या राष्ट्रीय साहाय्याकडे वळले. ही मदत थोड्यांपुरती राहील असा अंदाज होता. संख्या वाढतच गेली.

आता पैशांची बाजू. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि आठवड्याभरात अमेरिकेने लेंड-लीज, म्हणजे युद्धकाळात रोख पैसे न घेता माल पुरवायची योजना, बंद केलं. अर्थतज्ज्ञ केन्सनी पौंडाच्या स्थितीला ‘आर्थिक डंकर्क’ (१९४० मध्ये ब्रिटिश सैन्याला जिथून माघार घ्यावी लागली ते डंकर्क) म्हटलं आणि वॉशिंग्टनला जाऊन ३७५ कोटी डॉलर २ टक्के व्याजाने आणले. कॅनडाकडून वेगळं कर्ज. फेड ५० वार्षिक हप्त्यांत. मधले काही हप्ते पुढे ढकलले गेले, त्यामुळे शेवटचा हप्ता गेला तो २९ डिसेंबर २००६ रोजी. कर्जाची अट मात्र जहरी होती: कर्ज लागू झाल्यापासून वर्षभरात पौंड डॉलरमध्ये मुक्तपणे बदलून द्यायचा. ही तारीख ॲटलींची नव्हती, अमेरिकेची होती. १५ जुलै १९४७ ला अट लागू झाली, जगभरच्या देशांनी हातातले पौंड डॉलरमध्ये बदलून घेतले, आणि २० ऑगस्टला ती स्थगित करावी लागली. पाच आठवड्यांत तिजोरी आटली. युद्धात भारताने पुरवलेल्या मालाचे १०० कोटींहून अधिक पौंडही लंडनमध्ये असेच अडकलेले होते आणि ते हप्त्याहप्त्याने सुटत होते, हे आपल्या पहिल्या अर्थसंकल्पांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाही त्याच्याबरोबर घसरला आणि डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैशांवरून ४ रुपये ७६ पैशांना गेला. (दशमान पैसे तेव्हा नव्हते, हा नुसता हिशेब.) पाकिस्तानने आपला रुपया कमी केला नाही आणि तागाचा व्यापार ठप्प झाला.

सामान्य ब्रिटिश माणसाच्या वाट्याला या काळात रेशनच आलं. युद्धातसुद्धा पावावर रेशन नव्हतं. ते लागलं जुलै १९४६ मध्ये आणि दोन वर्षं राहिलं. विजयी देशात हे कसं, तर उपाशी जर्मनीतल्या ब्रिटिश विभागाला आणि हिंदुस्थानला धान्य द्यायचं होतं, आणि डॉलर नव्हते.

फेब्रुवारी १९४७ चा तिसरा आठवडा जवळून बघितला तर या सरकारची सगळी ओढाताण दिसते. जानेवारीच्या अखेरपासून बर्फाने रेल्वे अडकल्या होत्या, खाणीतून निघालेला कोळसा वीजघरांपर्यंत पोचत नव्हता. ७ तारखेला ऊर्जामंत्री शिनवेलनी लंडन, आग्नेय इंग्लंड, मिडलँड्स आणि वायव्येतल्या कारखान्यांची वीज तोडायची घोषणा केली. काही आठवडे वीस लाखांहून अधिक लोक बेकार बसले. अशा थंडीत १८ तारखेला बेविननी पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवत असल्याचं सांगितलं. २० तारखेला ॲटलींनी हिंदुस्थानची तारीख दिली. २१ तारखेला ग्रीस आणि तुर्कस्तानची मदत ३१ मार्चला थांबेल असं अमेरिकेला कळवलं गेलं. साम्राज्याचा गाशा गुंडाळायला सुरुवात झाली ती या चार दिवसांत, आणि त्यामागे तत्त्वाइतकाच रिकामा खिसा होता.

हिंदुस्थानचं धोरण ॲटलींनी बऱ्याच अंशी स्वतःच्या हातात ठेवलं होतं. मार्च १९४६ मध्ये कॅबिनेट मिशन आलं: पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स, अलेक्झांडर. १६ मेची त्यांची योजना, म्हणजे दुबळं केंद्र आणि प्रांतांचे तीन गट, आधी दोन्ही पक्षांनी स्वीकारल्यासारखी आणि मग नाकारल्यासारखी झाली. या योजनेत अनुसूचित जातींना स्वतंत्र स्थान नव्हतं म्हणून आंबेडकरांनी ॲटलींना पत्र लिहिलं, वर्षाअखेर लंडनला जाऊन त्यांची आणि चर्चिलची गाठही घेतली; पदरात काही पडलं नाही. व्हाइसरॉय वेव्हेलनी दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रांताप्रांताने माघार घ्यायची योजना सुचवली. ती ॲटलींना पराभूत सैन्याच्या माघारीसारखी वाटली. त्यांनी वेव्हेलना बदललं, माउंटबॅटनना नेमलं आणि जून १९४८ च्या आत सत्ता सोडू, अशी घोषणा केली.

त्या निवेदनातलं एक कलम नीट वाचायला हवं. तोवर सर्वमान्य राज्यघटना झाली नाही तर सत्ता कोणाकडे द्यायची ते ब्रिटिश सरकार ठरवेल: एकाच केंद्र सरकारकडे, किंवा काही भागांत तेव्हाच्या प्रांतिक सरकारांकडे. याचा अर्थ ज्याच्या हाती प्रांत, त्याच्या हाती उद्याची सत्ता. पंजाबात तेव्हा खिज्र हयात खानांचं युनियनिस्ट, काँग्रेस आणि अकालींचं संयुक्त सरकार होतं आणि लीग ते पाडायला टपलेली होती. घोषणेनंतर दहा दिवसांत, २ मार्चला खिज्र यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात लाहोर-अमृतसरात दंगे उसळले आणि मग रावळपिंडीच्या खेड्यांत कत्तली झाल्या. तारीख जाहीर केली की पक्ष तडजोडीला येतील, असा ॲटलींचा अंदाज होता. प्रत्यक्षात तडजोडीपेक्षा ताबा मिळवणं फायद्याचं ठरलं.

पुढे तर वेग आणखी वाढला. ३ जूनची फाळणी योजना, ४ जूनला माउंटबॅटनच्या तोंडून १५ ऑगस्ट. स्वातंत्र्याचं विधेयक ४ जुलैला मांडलं आणि १८ जुलैला राजाची संमती. २० कलमांचा कायदा दोन आठवड्यांत. सीमा आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात पोचले, सीमारेषा ठरवायला त्यांना पाच आठवडे मिळाले, आणि ती प्रसिद्ध झाली १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर. पंजाबच्या बारा जिल्ह्यांसाठी सीमा दल कागदावर ५०,००० चं. प्रत्यक्षात बरंच कमी, आणि १ सप्टेंबरला तेही मोडलं. एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाख आणि त्याही पुढे जातात. माझ्या मते जायची तारीख ठरवणं योग्यच होतं. १९४७ पर्यंत हिंदुस्थान धरून ठेवण्याइतकं लष्कर आणि सनदी नोकर ब्रिटनकडे उरलेच नव्हते. दोष आहे तो जून १९४८ वरून दहा महिने अलीकडे येताना पोलीस, सैन्य आणि सीमारेषा यांचं वेळापत्रक त्याप्रमाणे न बदलण्याचा. घाई माउंटबॅटनची, होकार काँग्रेस आणि लीगचा, पण मंजुरीची सही लंडनच्या मंत्रिमंडळाची होती आणि तिथे अध्यक्षस्थानी ॲटली होते.

याच ॲटलींनी एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहता येईल असा तोडगा काढायला मदत केली: राजा हा फक्त सदस्य देशांच्या मुक्त सहवासाचं प्रतीक. राष्ट्रकुलाचं आजचं रूप त्यातूनच आलं.

१९४७ च्या सप्टेंबरात त्यांची खुर्चीही गेली असती. ९ तारखेला क्रिप्स डाउनिंग स्ट्रीटवर गेले आणि ॲटलींना तोंडावर सांगितलं की तुमच्या जागी बेविन हवेत. ॲटलींनी तिथल्या तिथे बेविनना फोन लावला. बेविन परराष्ट्र खातं सोडायला तयार नव्हते. फोन ठेवून ॲटलींनी क्रिप्सनाच अर्थव्यवहारांचं नवं मंत्रिपद देऊ केलं. बंड मिटलं. दोन महिन्यांनी डाल्टननी अर्थसंकल्प मांडायला जाता जाता एका पत्रकाराला त्यातल्या तरतुदी सांगितल्या, राजीनामा द्यावा लागला, आणि अर्थखातं क्रिप्सकडे आलं.

त्यांच्या पद्धतीची झाकलेली बाजू म्हणजे अणुबॉम्ब. जानेवारी १९४७ मध्ये मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त समितीत निर्णय झाला. पूर्ण मंत्रिमंडळाला विचारलं नाही, संसदेला मे १९४८ मध्ये एका प्रश्नोत्तरात ओझरतं कळलं. चाचणी १९५२ मध्ये झाली तेव्हा पंतप्रधान चर्चिल होते.

सत्ता कशी गेली हे तर आकड्यांतच दिसतं. फेब्रुवारी १९५० मध्ये ३१५ जागा, बहुमत अवघं पाचचं. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रखर्चाचा तीन वर्षांचा आराखडा ४७० कोटी पौंडांवर गेला. तो भागवायला अर्थमंत्री गेटस्केलनी एप्रिल १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर अर्धी किंमत आकारली. वाचणार होते त्या वर्षी सव्वा कोटी पौंडांच्या आसपास. बेव्हन, हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. ॲटली तेव्हा अल्सरने रुग्णालयात होते. बैठक ते चालवत असते तर हे इतकं ताणलं गेलं नसतं, असं मला वाटतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये मजूर पक्षाला १ कोटी ३९ लाख मतं पडली, हुजूर पक्षाला १ कोटी ३७ लाख. जागा २९५ विरुद्ध ३२१. मजुरांची मतं खाणी आणि कारखान्यांच्या मतदारसंघांत ढिगाने साचली होती, लिबरल पक्षाने १९५० मध्ये ४७५ उमेदवार दिले होते ते आता १०९ वर आले आणि त्यांची बरीच मतं हुजूर पक्षाकडे वळली. शिवाय ॲटलींच्याच सरकारने केलेली मतदारसंघांची फेररचना त्यांच्या पक्षाला महागात पडली; त्यांचा स्वतःचा लाइमहाउसही तीत गेला.

१९५५ च्या डिसेंबरात त्यांनी पक्षनेतृत्व सोडलं, ८ ऑक्टोबर १९६७ रोजी निधन. मागे उरलेली मालमत्ता ७,२९५ पौंडांची. कोळसा, वीज, गॅस, रेल्वे हे सगळं १९८० आणि १९९० च्या दशकांत विकलं गेलं. टिकलं ते वेगळंच: आरोग्यसेवा, राष्ट्रीय उद्यानं, नगररचनेचा १९४७ चा कायदा, गरिबांसाठी वकिलाची सोय, आणि उमराव सभेला विधेयक दोनऐवजी एकच वर्ष अडवता येईल असा १९४९ चा संसद कायदा. २००४ मध्ये शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने होणारी शिकार बंद करताना हाच कायदा वापरला गेला.

आता शेवटचा भाग. फिरतं ते विधान असं: १९५६ मध्ये ॲटली कोलकात्याला आले असताना पश्चिम बंगालचे हंगामी राज्यपाल, न्यायमूर्ती पी. बी. चक्रवर्ती यांनी त्यांना विचारलं, आणि ॲटलींनी आझाद हिंद सेना व नौदलातलं बंड ही कारणं देऊन गांधीजींच्या प्रभावाला किरकोळ म्हटलं. याला आधार एकच, स्वतः चक्रवर्तींनी १९७६ मध्ये लिहिलेलं पत्र. संभाषणाला वीस वर्षं उलटून गेलेली, ॲटली हयात नाहीत, दुसरा साक्षीदार नाही. चक्रवर्ती खोटं बोलले असं म्हणायचं कारण नाही. पण पाहुण्याशी झालेल्या गप्पांची वीस वर्षांनंतरची आठवण हा निर्णयाच्या वेळचा कागद होत नाही.

कागद काय सांगतात? मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या प्रशिक्षण तळावर बंड सुरू झालं १८ फेब्रुवारी १९४६ ला. कॅबिनेट मिशनची घोषणा १९ ला झाली, म्हणून अनेक जण दोन्ही जोडतात; मिशन पाठवायचा निर्णय मात्र आधीच झालेला होता. तरीही बंडाचं वजन कमी होत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यांपाठोपाठ आलेल्या या घटनेने भारतीय सैन्य यापुढे भारतीयांवर वापरता येईल की नाही ही शंका लंडनमध्ये पक्की केली. मात्र ती शंका ज्या चळवळीविरुद्ध सैन्य वापरायचं होतं, तिच्यामुळेच अर्थपूर्ण होती. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात आणि १९४६ च्या निवडणुकांत दिसलेला काँग्रेसचा जोर नसता तर सैन्याच्या निष्ठेचा प्रश्न एवढा तातडीचा झालाच नसता. सत्तांतराची सरकारी कागदपत्रं ब्रिटिश सरकारने बारा खंडांत छापली आहेत. त्यांत वेव्हेल आणि मंत्रिमंडळाचा १९४६ च्या उत्तरार्धातला पत्रव्यवहार वाचला तर संपत चाललेले सनदी नोकर, घरी परतू पाहणारे ब्रिटिश सैनिक, सैन्याची निष्ठा, दंगे आणि पैसा ही पाचही कारणं सोबत येतात. परीक्षेच्या उत्तरात किंवा लेखात चक्रवर्तींचं पत्र वापरायचंच असेल तर १९५६ बरोबर १९७६ हे सालही द्यावं.